ताप किती वाजता आला? धानपट्ट्यातल्या एका गावातल्या मेंदूज्वराच्या संशयाचा तपास

गावाचं नाव देत नाही. पूर्व विदर्भातलं दोनशेएक घरांचं गाव आहे. तीन बाजूंनी धानाच्या बांध्या, चौथ्या बाजूला जंगल आणि मधे बोडी, म्हणजे लहान तळं. ज्यांच्या घरात हे घडलं त्यांना कुणी ओळखू नये म्हणून मुलांची वयं आणि नाती थोडी बदलली आहेत.

श्रावणातला रविवार होता. रोवणी आटोपत आली होती, पण पावसानं आठवडाभर दडी मारली होती. रात्री साडेनऊला आशाताईंचा फोन आला. "म्याडम, बुधवारी ताप येऊन जे पोरगं गेलं ना, त्याच टोलीतल्या पोरीले आता झटके येऊन रायले. दोघायचं सारखंच हाये जी."

त्या पोराबद्दल मला शुक्रवारी कळलं होतं. चार वर्षांचा मुलगा तापानं वाटेतच गेला, एवढंच. एका मृत्यूवरून साथ ठरत नाही, असं मनाशी म्हणून मी ते नोंदवहीत लिहून ठेवलं होतं. फोन आला तेव्हा त्या नोंदीखालची रिकामी जागा माझ्या डोळ्यांसमोर आली.

मुलीला डाव्या कुशीवर ठेवा, तोंडात चमचा किंवा कांदा काही घालू नका, अंगारा लावायला थांबू नका, असं सांगून १०८ बोलावली. मुलगी वीस मिनिटांनी कुणाच्या तरी जीपमधून प्राथमिक आरोग्य केंद्रात आली. सहा वर्षांची. झटका सुरूच होता. नाकात मिडॅझोलम फवारलं, ऑक्सिजन लावला, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली. साखर ठीक होती. मलेरियाची तत्काळ चाचणी नकारात्मक आली. टॉर्च मारून बाहुल्या पाहिल्या. त्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या नव्हत्या, तोंडाला लाळ नव्हती. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून फवारणीच्या हंगामात बेशुद्ध रुग्ण आला की आम्ही बाहुल्या आधी पाहतो. झटका थांबला, पण मुलगी शुद्धीवर आली नाही. जिल्हा रुग्णालयात पाठवण्याआधी रक्ताच्या दोन नळ्या भरून फ्रीजमध्ये ठेवल्या. त्या दोन नळ्यांमुळे पुढचं बरंच काही कळलं.

मुलगी सोमवारी रात्री गेली.

सहा नावं

सोमवारी सकाळी तालुक्यात व्हॉट्सॲपवर निरोप फिरत होता: मेंदूज्वराची साथ, एकाच गावात सहा मुलं. ग्रामपंचायतीनं शाळा बंद करून टाकली होती. जिल्ह्याचं शीघ्र प्रतिसाद पथक मंगळवारी पोहोचणार होतं. तोवर आरोग्य सेवक, सिस्टर, आशाताई आणि मी, एवढेच होतो.

त्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली. धानाचा पट्टा, बांध्यांत साचलेलं पाणी, कडेला डुकरं आणि बगळे पाहून माझ्या डोक्यात जपानी मेंदूज्वरच बसला. त्याचा विषाणू डुकरांत आणि पाणपक्ष्यांत वाढतो आणि धानाच्या पाण्यात पैदास होणाऱ्या क्युलेक्स डासांमार्फत माणसापर्यंत येतो. म्हणून अर्धा दिवस मी डुकरांचे वाडे मोजत आणि लसीकरणाची कार्डं तपासत घालवला. दोन्ही मुलांना नवव्या महिन्यातला आणि दीड वर्षाचा असे त्या लसीचे दोन्ही डोस मिळालेले निघाले. हा शोध घेणं चूक नव्हतं, पण क्रम चुकला. आधी पहिल्या मुलाच्या आईकडे जायला हवं होतं. त्या घरात जाऊन बसायचं धैर्य मला होत नव्हतं, म्हणून मी कार्डं पाहत राहिले.

दुपारी गेले. आई चुलीजवळ बसली होती. ताप कधी आला, या प्रश्नावर ती म्हणाली, "बुधवारी." मी म्हटलं, "ताई, बुधवारी केव्हा? त्या दिवशी तुम्ही काय काय केलं ते सांगा."

"ढोरं घरी आले तवा चांगला खेळत होता जी. दिवे लावले तवा आंग गरम लागलं. जेवला नाई. लास्ट एसटी गेली त्याच्या मांगं दोनदा ओकला. मंग झोपला. रातच्याले लाईन आली म्हणून हे पंप चालू कराले उठले, तवा पाह्यलं त डोळे फिरवून रायला होता."

त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज रात्री दोनला येत होती. ती वेळ गावात प्रत्येकाला पाठ होती. दिवे लागले सातला. शेवटची एसटी जाते साडेनऊला. मुलगा वाटेत गेला तेव्हा उजाडायला लागलं होतं, म्हणजे साडेपाचच्या सुमारास. घड्याळाकडे एकदाही न पाहता त्या माउलीनं मला मिनिटांचा हिशोब दिला होता. ताप ते झटका सात तास. ताप ते मृत्यू साडेदहा तास.

माझ्याजवळचा रुग्णयादीचा तक्ता छापील होता. त्यात ताप सुरू झाल्याची तारीख, दाखल झाल्याची तारीख, मृत्यूची तारीख असे रकाने होते. त्यानुसार या मुलाचा आजार 'एक दिवस' भरला असता. मी पट्टी घेऊन कडेला आणखी एक रकाना आखला आणि त्यावर लिहिलं: ताप ते शुद्ध हरपणं, तास.

मग रुग्ण कुणाला धरायचं याची व्याख्या ठरवली. गेल्या पंधरा दिवसांत या गावात किंवा लगतच्या दोन टोल्यांत राहणारं, पंधरा वर्षांखालचं, ताप येऊन शुद्धीत फरक पडलेलं किंवा झटके आलेलं मूल. तापासोबत येणारा साधा झटका, ज्यानंतर मूल थोड्याच वेळात पूर्ण भानावर येतं, तो यात धरायचा नाही. तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूहाची जी व्याख्या देशभर वापरतात, तीच गावापुरती आखून घेतली होती. भीतीच्या दिवसांत व्याख्या लिहून ठेवली नाही, तर गावातलं प्रत्येक खोकणारं लेकरू यादीत येतं आणि यादी फुगली की खरा आजार तिच्यात दिसेनासा होतो.

व्हॉट्सॲपवरच्या सहा नावांमागे मुलं पाचच निघाली. गेलेल्या मुलीचं शाळेतलं नाव वेगळं आणि घरचं वेगळं, त्यामुळे ती दोनदा मोजली गेली होती. एक दीड वर्षाचं बाळ होतं. त्याला तापात एकच झटका आला आणि अर्ध्या तासात ते आईच्या कडेवर खेळू लागलं. ते व्याख्येबाहेर. पाच वर्षांचा एक मुलगा सारखा ओकत होता, मलूल होता, पण ताप अजिबात नव्हता. शाळेच्या कुंपणाला चंद्रज्योत लावलेली आहे आणि त्याच्या खिशात तिच्या विषारी बियांची टरफलं सापडली. दुसऱ्या दिवशी तो बरा झाला. तोही बाहेर. उरली तीन: गेलेली दोघं आणि ग्रामीण रुग्णालयात 'टायफॉइड' म्हणून सलाईनवर असलेला नऊ वर्षांचा मुलगा.

या तिसऱ्या मुलाच्या ओळीवर पेन थांबला. पहिला, सात तास. दुसरी, रविवारी दुपारी दोनला खेळता खेळता अंग तापलं, नऊला झटका, तीही सात तास. तिसरा: ताप सुरू होऊन नऊ दिवस, गुंगी कालपासून. तासांत लिहिलं तर दोनशेच्या घरात. छापील रकान्यांत हे तिघे एकाच आजाराचे वाटत होते. माझ्या रकान्यात ते एकमेकांच्या जवळपासही नव्हते.

कमरेवरचा डाग

संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयात जाऊन त्या मुलाला पायापासून डोक्यापर्यंत तपासलं. कानामागे काही नाही, काखेत काही नाही. चड्डीचं इलॅस्टिक खाली केलं तेव्हा कमरेच्या घडीत मसुराएवढी काळी खपली दिसली, भोवती लालसर कडा. दुखत नव्हती, खाजत नव्हती. आई म्हणाली, "चटका लागला असन जी." मुलगा रोज बकऱ्या घेऊन जंगलाच्या कडेच्या गवतात जात होता.

ही खपली म्हणजे स्क्रब टायफसची खूण. गवतात आणि झुडपांत राहणाऱ्या बारीक गोचिडीसारख्या किड्याची, चिगर माइटची, अळी चावते आणि ओरिएंशिया त्सुत्सुगामुशी नावाचा जिवाणू शरीरात सोडते. खपली प्रत्येक रुग्णात सापडत नाही. सापडलीच तर काख, जांघ, कंबर अशा कपड्याखालच्या जागी असते, म्हणून कपडे उतरवल्याशिवाय ती दिसत नाही. आठवडाभर नुसता ताप राहतो, मग फुफ्फुस, यकृत, मेंदू यांवर परिणाम होतो. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन ही साधी, स्वस्त औषधं वेळेत मिळाली तर ताप साधारण दोन दिवसांत उतरतो. गोरखपूर भागात वर्षानुवर्षं 'गूढ मेंदूज्वर' म्हणून मोजल्या गेलेल्या मुलांच्या तपासण्या झाल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांत स्क्रब टायफसचे पुरावे मिळाले होते. विदर्भातही २०१८ च्या पावसाळ्यात या आजारानं बळी घेतले होते.

त्या मुलाला त्याच रात्री डॉक्सिसायक्लिन सुरू केलं, अहवालाची वाट पाहिली नाही. बुधवारी तो जेवायला मागू लागला.

मंगळवारी पथक आलं आणि आम्ही घराघरांत फिरलो. दीड दिवस लागला. तिथे यादीत नसलेलं एक नाव हाती आलं. त्याच मुलाची चुलतबहीण, सात वर्षांची, सहा दिवसांपासून अंगात ताप, आता धाप लागलेली आणि हाक मारली की उशिरा डोळे उघडणारी. तिला झटके आले नव्हते म्हणून ती कुणाच्याच मोजणीत नव्हती. अंगावर खपलीही नव्हती. भावासोबत गवताला जात होती, एवढ्यावरून औषध दिलं आणि पुढे पाठवली. ती वाचली. अफवेनं दिलेल्या सहा नावांपेक्षा कुणीच न सांगितलेलं हे एक नाव मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घरोघरी फिरणं आणखी दोन दिवस लांबलं असतं, तर ती आम्हाला या अवस्थेत सापडली नसती.

नकारात्मक अहवालाचा अर्थ

मुलीचं रक्त आणि जिल्हा रुग्णालयात पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी बर्फाच्या पेटीतून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे गेलं. पहिला अहवाल आला तो जपानी मेंदूज्वराच्या आयजीएम चाचणीचा, नकारात्मक. कार्यालयातून लगेच विचारणा झाली की आता मेंदूज्वर नाही असं जाहीर करायचं का.

इथे वेळेचा हिशोब पुन्हा महत्त्वाचा ठरतो. आयजीएम चाचणी विषाणू शोधत नाही, शरीरानं त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती तयार व्हायला काही दिवस लागतात. जे मूल तीस तासांत गेलं, त्याच्या शरीराला तेवढी सवड कुठे मिळाली? अशा मुलात आयजीएम नसणं याचा अर्थ आजार नव्हता असा होत नाही. तिथे आरटी-पीसीआर लागते, जी थेट विषाणूची जनुकीय खूण शोधते आणि पहिल्या दिवसांतच उपयोगी पडते. स्क्रब टायफसलाही हाच हिशोब लागतो: नवव्या दिवशीच्या रक्तात आयजीएम दिसतं, दुसऱ्या दिवशीच्या रक्तात बहुधा नाही. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर आजाराचा कितवा दिवस, कितवा तास, हे नसेल तर अहवालाचा अर्थच लावता येत नाही.

काही दिवसांनी मुलीचा पीसीआर अहवाल आला: चांदीपुरा. चुलत भावंडांचा स्क्रब टायफसचा आयजीएम अहवाल सकारात्मक आला.

चांदीपुरा हे नाव आपल्याच मातीतलं. नागपूरजवळच्या चांदीपुरा इथे १९६५ साली तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात हा विषाणू पुण्याच्या शास्त्रज्ञांना सापडला आणि गावाचंच नाव त्याला मिळालं. तेव्हा तो साध्या तापाचा वाटला. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलं मेंदूच्या तीव्र आजारानं आजारी पडली, १८३ दगावली. त्या साथीचा तपास चांदीपुरापर्यंत पोहोचला. गुजरात आणि आसपासच्या भागात २०२४ च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले, त्यांतले ६४ रुग्ण चांदीपुराचे ठरले. या दोन आकड्यांवरून मृत्यूचं प्रमाण घटलं असं काही जण म्हणतात. मी तसं म्हणणार नाही, कारण दुसऱ्या आकड्यात इतर कारणांचे रुग्णही मिसळलेले आहेत.

या विषाणूवर औषध नाही, लस नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तो गाठतो आणि ताप आल्यापासून एक-दोन दिवसांत मृत्यू होऊ शकतो.

धूर नको, भिंती बघा

अहवाल येण्याआधीच, मंगळवारी, दोन्ही घरांत जलद आजार पाहून आम्ही वाळूमाशी धरून काम सुरू केलं होतं. चांदीपुराचा मुख्य वाहक सँडफ्लाय म्हणजे ही वाळूमाशी. डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, फिकट, केसाळ, उडण्यापेक्षा उड्या मारल्यासारखी फिरणारी. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती आत येते. ती पाण्यात वाढत नाही. कुडाच्या आणि मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातली ओलसर जमीन, शेणाचा खत यांत तिची अंडी-अळ्या असतात.

सरपंचांनी धूरफवारणीचा आग्रह धरला. लोकांना काहीतरी होताना दिसायला हवं होतं आणि मला त्यांची अडचण कळत होती. पण धूर वाऱ्यासोबत निघून जातो आणि माशी भेगेतच राहते. मग सरपंचांना सोबत घेऊन पहाटे मलेरिया विभागाच्या कीटक समाहारकांबरोबर गोठ्यात गेलो. त्यांनी टॉर्चच्या उजेडात काचेच्या नळीनं भिंतीवरून माशा ओढून घेतल्या आणि तळहातावर धरून दाखवल्या. सरपंच बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मंग भेगाच बुजवा लागते." त्या दिवसापासून गावातल्या बायांनी लिपायला घेतलं, पथकानं भेगांत आणि गोठ्यात मॅलॅथिऑनची पूड मारली, खताचे ढीग घरापासून लांब हलवले.

माशा दोन्ही मुलांच्या घरी सापडल्या. आजार नसलेल्या घरांतही सापडल्या. दोन रुग्णांवरून कोणतीही तुलना गणितात टिकत नाही, म्हणून अहवालात मी 'वाहक उपस्थित' एवढंच लिहिलं, 'कारण सिद्ध' असं लिहिलं नाही.

त्याच वेळी गावात दुसरं दुःख चाललं होतं. गेलेल्या मुलाच्या आईला हँडपंपावर कुणी जवळ येऊ देत नव्हतं. आम्ही चौकात बैठक घेऊन सांगितलं की हा आजार शिवण्यानं किंवा सोबत पाणी भरण्यानं पसरत असल्याचं दिसलेलं नाही. सिस्टर नुसतं सांगून थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः त्या बाईसोबत हँडपंपावर उभ्या राहिल्या.

सगळ्यात उपयोगी काय ठरलं असं कुणी विचारलं, तर मी उपकेंद्रापाशी रात्रभर उभ्या केलेल्या गाडीचं नाव घेईन. १०८ यायला पाऊण तास लागत होता. औषध नसलेल्या आजारात मुलाला वाचवायचं तर झटका थांबवणं, श्वास चालू ठेवणं, साखर आणि मेंदूवरचा दाब सांभाळणं, एवढंच हातात असतं आणि ते सगळं पहिल्या तासांत करावं लागतं. तीन आठवडे गाडी तिथे राहिली. आशाताई सकाळ-संध्याकाळ ताप मोजत फिरल्या आणि तारखेपुढे वेळ लिहू लागल्या. तापाची अकरा लेकरं त्या काळात गाडीनं आणली. त्यांत जलद आजाराचं एकही नव्हतं. चार आठवड्यांनी साथ संपल्याचं लिहिलं. ती आमच्या पुडीनं थांबली की आपोआप, हे मी सांगू शकत नाही. चांदीपुरा बहुतेकदा असाच तुरळक, एखाद-दोन घरांत येऊन जातो.

एक प्रश्न तेव्हा आम्ही विचारला नव्हता. छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं, आणि खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. आमच्या गावातल्या दोन्ही मुलांना कोणतं पातळ औषध दिलं होतं, लघवी शेवटची कधी झाली, बाटली कुठे आहे, यातलं काही माझ्या तक्त्यात नव्हतं. आता तेही रकाने आहेत.

पहिल्या मुलाचा नमुना घेतला गेला नव्हता. त्याची ओळ अजून 'संभाव्य' आहे आणि तशीच राहील. अहवाल पूर्ण झाल्यावर त्याच्या वडिलांनी तो वाचून दाखवायला सांगितला. मी त्यांच्या ओसरीवर बसून त्यांच्या मुलापुरता भाग वाचला: सात वाजता ताप, दोन वाजता झटका, साडेपाचला मृत्यू. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "रातच्याले मी पंपावर न जाता आधीच नेलं असतं त?"

मी म्हटलं, "दोन वाजेपर्यंत ते लेकरू तुम्हाला साध्या तापाचंच दिसत होतं, भाऊ. मलाही दिसलं असतं."

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं उठले आणि मला आत घेऊन गेले. धाकटी मुलगी जिथे झोपत होती त्या कोपऱ्यातली भिंत खालपासून हातभर वर नव्यानं लिपलेली होती, अजून ओली. बाज भिंतीपासून ओढून मधे घेतली होती. "इथं ठेवली त चालन ना जी?" त्यांनी विचारलं. मी भिंतीवरून हात फिरवला. खालच्या बाजूला, चौकटीजवळ, एक भेग राहिली होती. ती त्यांना दाखवली. त्यांनी घमेल्यातला चिखल घेतला आणि तिथेच बसून ती बुजवायला लागले.